दोन व्याह्यांचा ट्रक

८ सप्टेंबर

ट्रक आला. क्रेनवाल्याने तो व्याह्यांच्या घरामागच्या शेडसमोर सोडला, एकदा ट्रककडे आणि एकदा आम्हा दोघांकडे पाहिलं आणि "सांभाळा आता" म्हणून निघून गेला.

सहा चाकं. वरचा हिरवा रंग उडालाय आणि खाली दुसरा हिरवा दिसतोय. लष्कराने जुन्या सामानाबरोबर लिलावात काढला होता, तो आम्ही निम्म्या-निम्म्या भागीत घेतला. व्याह्यांबरोबर भागीत ट्रक घेणारा माणूस जगात मी एकटाच असेन, असं ही म्हणाली. "पोरीच्या सासऱ्यांशी वाजलं तर तोंड कुठं लपवाल?" मी म्हटलं, वाजायला विषय काय? मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यांनी जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली. आता दोघेही निवृत्त. दोघांनाही रिकामं बसवत नाही, एवढंच काय ते साम्य.

जानेवारीत मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. त्यात लोकांना मागे बसवून मैदानाला फेरी मारायची, असं ठरलंय. चालवणार मी. तरुणपणी मामाच्या मालट्रकवर हात बसलाय आणि अवजड वाहनाचं लायसन मी हौसेनं चालू ठेवलंय. व्याही एवढी वर्षं गाडीत, पण स्टिअरिंगला त्यांचा हात कधी लागला नाही.

सकाळभर किल्लीचं भोक शोधत होतो. या ट्रकला किल्लीच नाही. एक जाड खटका आहे, तो फिरवायचा. तो फिरेना म्हणून व्याही हातोडी आणायला निघाले. मी म्हटलं, थांबा. वर एक बारीक खटका होता, तो आधी उचलायचा. घड्याळजीचे डोळे आहेत म्हटलं.

२१ सप्टेंबर

इंजिन चालू झालं. धूर इतका की शेडसमोर गल्लीपलीकडे असलेल्या शिंप्याने दुकानाचं दार लावून घेतलं. थोडा वेळ चाललं आणि खोकून बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. पेट्रोल पोचत नाही हे उघड आहे. घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायचं.

व्याही कामाला वाघ आहेत. फक्त हल्ली पुटपुटतात फार. ज्या माणसाच्या एका "थांबा" ला भरधाव बस जागच्या जागी उभी राहायची म्हणे, त्याचं बोलणं आता दोनदा विचारून घ्यावं लागतं. वय कुणाला चुकलंय. इंजिन चालू असताना मात्र स्पष्ट बोलतात. बंद केलं की पुन्हा ओठातल्या ओठात.

२९ सप्टेंबर

पंप खोलला, कार्ब्युरेटर धुतला, नळ्या फुंकून साफ केल्या. ट्रक चालतो आणि बंद पडतो, ठरवून केल्यासारखा.

दुपारी टाकीचं झाकण काढताना व्याही म्हणाले, "फुस्स झालं. टाकी आत हवा ओढतेय." मी म्हटलं, पुन्हा करून दाखवा. झाकण लावलं, इंजिन चालवलं, बंद पडलं, झाकण काढलं. मी टाकीला टेकून उभा होतो. कसलं फुस्स न् काय. तसं त्यांना सांगितलं. ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "नसेल. तुम्ही म्हणताय म्हणजे नसेल."

केसाएवढी स्प्रिंग कुठं अडतेय ते टिकटिकीवरून सांगणारा माणूस मी. त्यांच्या कानावर जन्मभर भोंगे आदळलेत, भास व्हायचेच. पण व्याही पडले. तोंडावर कसं बोलणार?

१४ ऑक्टोबर

पंप तिसऱ्यांदा खोलला. दोघांच्या नाकी नऊ आले. आणि आज उलगडा झाला तोही योगायोगाने. व्याही टाकीचं झाकण घट्ट करायला विसरले आणि ट्रक दुपारभर चालत राहिला. मग झाकण नीट पाहिलं. त्यावर एक छोटी फिरकी आहे. ट्रक नदीत उतरवायचा तर टाकीत पाणी जाऊ नये म्हणून ती बंद करायची. बाहेर आल्यावर उघडायची. कुणीतरी ती बंद ठेवूनच ट्रक लिलावात दिला होता. पेट्रोल खाली जाई, जागा घ्यायला हवा येत नसे, टाकी स्वतःच पेट्रोल धरून ठेवी.

"काय योगायोग बघा," मी म्हटलं.

"हो ना," व्याही म्हणाले. "योगायोगच."

विसराळूपणाचा असाही उपयोग होतो म्हणायचा. त्यांना तसं म्हटलं तर हसले.

२६ ऑक्टोबर

हिचं काहीतरी नवीनच. म्हणे, कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय, सोबत चला, आणि आलाच आहात तर तुम्हीही दाखवून घ्या. हिच्या कानाला काय धाड भरलीय? मागच्या अंगणात असते आणि दूध उतू जायच्या आधी स्वयंपाकघरात पोचते. मी म्हटलं, तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. तर म्हणाली, "तेच तर सांगतेय." आणि मग रुसून बसली. बायकांचं बोलणं एका वाक्यात कुठं वळेल सांगता येत नाही.

मुलीचा फोन आला होता. तिला कितीदा सांगितलं, फोन तोंडाजवळ धर. ऐकेल तर शपथ.

८ नोव्हेंबर

पहिल्यांदा गल्लीतून चालवला. या जुन्या ट्रकला गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो आणि इंजिनचा सूर बघून बरोबर क्षणी दांडा ढकलावा लागतो. सगळी कानाची करामत. इतक्या वर्षांनीही हात विसरला नाही, गिअर लोण्यासारखे पडले. शिंपी गळ्यात टेप अडकवून दारात आला आणि चिंच चावल्यासारखं तोंड करून उभा राहिला. त्याला धुराचा राग असावा.

शेजारी बसलेल्या व्याह्यांनी दर गिअरला डोळे मिटून घेतले. घाबरतात बिचारे. मी म्हटलं, निर्धास्त राहा.

२० डिसेंबर

आत्ताच दवाखान्यातून आलो.

ट्रक मागे घेत शेडमध्ये लावत होतो. मागचं ताडपत्रीचं छत चढवल्यापासून आरशात मागचं काही दिसत नाही. म्हणून व्याही नेहमी मागे भिंतीपाशी उभे राहतात. ते ओरडले की मी थांबायचं, असं ठरलेलं आहे. आज ते ओरडले नाहीत. मी घेत राहिलो. ट्रक कशाला तरी टेकल्यासारखा वाटला तेव्हा ब्रेक दाबला. तोवर शिंपी माझ्या दारावर दोन्ही हातांनी धडाधड मारत होता. चेहरा पांढराफटक. मी थांबायच्या आधीच तो दुकानातून निघून रस्ता ओलांडून आला होता. त्याला कसा सुगावा लागला कोण जाणे.

व्याह्यांचं डावं मनगट मागची फळी आणि भिंत यांच्यात सापडलं. मोडलं. ट्रक आणखी वीतभर मागे आला असता तर छाती होती.

दवाखान्यात मुलगी आली. माझ्यासमोर उभी राहून काहीतरी विचारायला लागली, डोळे लाल. व्याह्यांनी धडधाकट हात वर करून तिला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी आहे. मी ओरडलोच नाही. घसा बसला होता, ऐन वेळी आवाजच फुटला नाही."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्याची लाजही वाटली.

२४ डिसेंबर

व्याह्यांना भेटून आलो. मनगटाला प्लास्टर आहे, दुखतंय, पण सांगत नाहीत. मुलगी म्हणाली, बाबा, प्रदर्शनात ट्रक तुम्ही चालवू नका. का, विचारलं तर सासऱ्यांकडे बघायला लागली. मला वाईट वाटलं. ओरडायचे ते ओरडले नाहीत, ते स्वतः कबूल करताहेत, आणि शिक्षा मला. व्याहीच माझ्या बाजूने बोलले. "चालवतील तर तेच," म्हणाले. "नाहीतर ट्रक मैदानावर जाणारच नाही."

एवढा मोठा आवाज होता या माणसाचा. कंडक्टरचा आवाज जाणं म्हणजे काय, ते मला समजतं. माझे डोळे अधू झाले असते तर मी काय केलं असतं? त्यांच्यासाठी खडीसाखर घेऊन जाणार आहे.

२ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

प्रदर्शन जवळ आलं म्हणून एकटाच शेडवर गेलो. इंजिन चालू केलं. छान, गुळगुळीत चाललं होतं. पण घड्याळजीची खोड आहे, यंत्र चांगलं चाललंय असं वाटलं की जास्त तपासायचं. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक इंजिनच्या एकेका भागावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, म्हणजे आतला आवाज थेट डोक्यात येतो. मेकॅनिक लोकांची जुनी रीत आहे. पाण्याच्या पंपावर टेकवला आणि दचकलो. आत वाळू भरडल्यासारखी खरखर. बेअरिंग खलास. मैदानावर पंप अडकला असता तर इंजिन तापून बसलं असतं. स्क्रू-ड्रायव्हर काढला, आवाज नाही. लावला, आहे. इतका बारीक दोष आपण पकडला म्हणून स्वतःवरच खूश झालो.

तेवढ्यात ही डबा घेऊन आली. शेडच्या दारातच थांबली, एका हातात डबा, दुसरा हात कानावर. मग जवळ आली आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "अहो, बंद करा ते. एवढं काय खरखरतंय? दळण टाकलंय का त्यात?"

मी खटका फिरवून इंजिन बंद केलं. विचारलं, "तुला कुठून ऐकू आलं?"

"वळणावरून," ती म्हणाली.

मी तेलाच्या पिंपावर बसलो. वळणावरून हिला जे ऐकू येतं ते ऐकायला मला डोक्याला लोखंड लावावं लागतं. बसल्या बसल्या एकेक आठवायला लागलं. टाकीचं झाकण. शिंप्याचं ते तोंड. दूध. फोन. एकेक आठवत गेलं आणि शेवटी भिंतीपाशी येऊन थांबलं. पुढचं विचारायची हिंमत होईना, पण विचारलं. "त्या दिवशी व्याही ओरडले होते?"

ही डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिली. मग म्हणाली, आणि या वेळी मी तिच्या ओठांकडे बघत होतो, "शिंपी शिवण टाकून उगाच धावला का?"

मला रडू आलं. बायकोसमोर, शेडमध्ये, तेलाच्या पिंपावर बसून. ज्या आवाजावर त्या माणसाने जन्म काढला, तो बसलाय असं त्याने चारचौघांत सांगितलं, मोडलेला हात धरून, कशासाठी तर माझ्या कानांची अब्रू राहावी म्हणून. आणि मी त्याच्यासाठी खडीसाखर नेली.

३ जानेवारी

व्याह्यांकडे गेलो. खुर्चीत बसले होते, हात गळ्यात. मी चपला काढायच्या आधीच म्हटलं, "तुम्ही ओरडला होतात."

"नाही हो. घसा जरा—"

"पुरे झालं, व्याहीबुवा."

त्यांनी गळ्यातला हात सावरला. मग मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "ओरडलो. जीव खाऊन ओरडलो."

"माझ्या कानांचं तुम्हाला कधी कळलं?"

"ते फुस्स झालं तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? सुनेच्या वडलांना तोंडावर बहिरे म्हणू? उद्या तुम्ही इकडे फिरकणं बंद केलंत तर तिला मी काय उत्तर देऊ?" मग म्हणाले, "आणि सगळं तुमच्यासाठी केलं असंही समजू नका. दवाखान्यात खरं बोललो असतो तर पोरीने तुम्हाला पुन्हा ट्रकवर चढू दिलं नसतं. मला काही तो चालवता येत नाही. आयुष्यात एकदा आपल्या स्वतःच्या गाडीत लोक बसवायचे होते मला."

मला राग आला. तो आला हे बरंच झालं, नाहीतर पुन्हा रडलो असतो. मी म्हटलं, "आणि मैदानावर एखादं पोर मागे आलं असतं तर? सगळे ओरडले असते आणि मी घेत राहिलो असतो."

व्याही प्लास्टरकडे बघत बसले. "तो विचार मी केला नाही," म्हणाले.

मग मुलीला बाहेर बोलावलं, विहीणबाईंनाही, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की व्याह्यांचा घसा ठणठणीत आहे, मला ऐकू येत नाही आणि ट्रक मी चालवणार नाही. अपमान वाटेल असं वाटलं होतं. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. काही बोलली नाही. बोलली असली तरी मला ऐकू आलं नाही.

९ जानेवारी

कानाच्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत. आधी चिमट्यासारखा एक धातूचा काटा वाजवून कानाजवळ हवेत धरला, मग तोच माझ्या कानामागे टेकवला. हवेत काही नाही, हाडावर लख्ख. मी सांगितलं, ही तपासणी मी ट्रकवर करून आलोय. त्या हसल्या. कानाच्या आत इवलीशी हाडं असतात, ती आखडलीत. पुढची नस चांगली आहे. म्हणजे इंजिन शाबूत, फक्त दांडे गंजलेत. कानात घालायचं यंत्र मिळेल, यायला महिना लागेल.

"आणि तुझ्या कानांचं काय?" मी हिला बाहेर आल्यावर विचारलं.

"माझे उत्तम आहेत," ती म्हणाली.

१२ जानेवारी

व्याही काल प्रदर्शनाच्या व्यवस्थापकांकडे गेले आणि सगळं सांगून आले. व्यवस्थापक म्हणाले, मैदान बंदिस्त आहे. माणसाच्या चालीनं जा, शेजारी ऐकणारा माणूस असू द्या आणि मागे अजिबात घेऊ नका, मग हरकत नाही. तरीही मी नाहीच म्हणत होतो. तेव्हा व्याह्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं.

"बसमध्ये ड्रायव्हरला तरी कुठं माझं बोलणं ऐकू यायचं?" म्हणाले. "मध्ये पाऊणशे माणसं. घंटी होती. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला."

आम्ही शेडसमोर सराव केला. मुलगी अचानक समोर यायची, कधी डावीकडून, कधी मागून हाक मारायची, आणि व्याही खांद्यावर बोट मारायचे. संध्याकाळी ती म्हणाली, ठीक आहे. नवीन बेअरिंगही बसवलं.

१९ जानेवारी

फेऱ्या मारल्या. किती ते मोजलं नाही. मागे बाकावर लोक दाटीवाटीने बसलेले. पांढरा शर्ट घातलेले व्याही शेजारी, प्लास्टरचा हात मांडीवर, दुसरा माझ्या खांद्यावर. दोनदा टकटक, मी निघायचो. एकदा टक, मी थांबायचो. एकदा एका बाईंची ओढणी उडून चाकासमोर आली आणि मागोमाग त्या. मला दिसायच्या आधी खांद्यावर बोट पडलं होतं. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

मला काही ऐकू येत नव्हतं. पण गाडी थांबवून वळून पाहिलं तर व्याह्यांचं तोंड सारखं चालू होतं, मान खिडकीतून बाहेर, आणि मागची माणसं हसत हसत पुढे सरकत होती.

क्रेनने ट्रक व्याह्यांकडे परत आणल्यावर अंगणातच उभा केला. शेडमध्ये घ्यायचा म्हणजे मागे घ्यावा लागतो. त्याचं नाव कुणी काढलं नाही.

१४ फेब्रुवारी

परवा यंत्र आलं. जग फार गोंगाटाचं आहे. स्वतःच्या चपलांचासुद्धा त्रास होतो. ही ताटं मांडते ती आपटूनच, हे आज कळलं. तिला म्हटलं तर म्हणाली, "दोन वर्षं आपटतेय, तुम्ही बघावं म्हणून."

व्याह्यांचं प्लास्टर निघालंय. सकाळी मला म्हणाले, चला, ट्रक आत घेऊ, धूळ खातोय. मी म्हटलं, शिंप्याला मागे उभा करू. ते म्हणाले, "ती जागा माझी आहे," आणि जाऊन उभे राहिले. तिथंच, त्याच भिंतीपाशी.

मी रिव्हर्स टाकला तेव्हा गिअर असा करकरला की माझेच दात शिवशिवले. मग मागून व्याह्यांचा आवाज आला. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या." असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. अख्ख्या गल्लीला पुरला असता. या आवाजाला मी पुटपुटणं म्हणत होतो. हा माणूस सप्टेंबरपासून माझ्याशी घसा ताणून बोलत होता आणि एकदाही चिडला नाही. येऊ द्या म्हणत होते म्हणून येऊ देत होतो, अगदी मुंगीच्या पावलानं.

"थांबा."

मी ब्रेक दाबला, खटका फिरवला आणि धावत मागे गेलो. फळी त्यांच्या छातीपासून हातभर लांब होती. पाठ भिंतीला लागलेली. डावीकडे सरकायला भरपूर जागा होती, पण ते तसूभरही हलले नव्हते.

मी म्हटलं, "अहो, निदान बाजूला तरी सरकायचं."

"कशाला?" व्याही म्हणाले. "ओरडलो ना."